कुणाच्या दारी बसून शिकायचं?

जानेवारी महिना अमेरिकेतल्या कितीतरी सेमिनऱ्यांमध्ये दोन सत्रांच्या मधला मोकळा काळ असतो. त्या दिवसांत उद्याचे पाळक आणि धर्मगुरू आपल्या प्राध्यापकांबरोबर लहान गटांनी परदेशी अभ्यासदौऱ्यावर निघतात. भारतात येणाऱ्या गटांच्या वाटेवर बहुधा वाराणसीचे घाट असतात, सारनाथ असतं, अमृतसरचा दरबार साहिब असतो, दक्षिणेतला एखादा ख्रिस्ती आश्रम असतो. इथले ख्रिस्ती लोक कसे जगतात ते पाहायचं आणि ज्या धर्मांच्या शेजारात ते राहतात तेही समजून घ्यायचे, असा या दौऱ्यांचा हेतू. आज यात कुणाला नवल वाटत नाही. पण उद्या व्यासपीठावर उभं राहून उपदेश करणाऱ्या माणसाने आधी परधर्मीयाच्या समोर शिकण्यासाठी बसावं, ही कल्पना सहज रुजलेली नाही. ती पुष्कळ वळणं घेत आली आणि त्यांतली काही वळणं महाराष्ट्रातच आहेत.

शिकणं पूर्वीही होतं. १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मराठी आणि संस्कृत शिकले, पुराणं वाचली, पारशांचे धर्मग्रंथ अभ्यासले. मोरभट दांडेकरांसारख्या शास्त्र्यांशी त्यांनी जाहीर वाद घातले आणि ते वाद पुस्तकरूपानेही छापले गेले. विल्सन यांची विद्वत्ता खरी होती, तिला हलकं लेखता येणार नाही. मात्र ती खंडनासाठी होती. समोरच्याच्या धर्मात उणं कुठे आहे हे शोधण्यासाठी तो धर्म वाचायचा, अशी त्या पिढीची रीत होती. दांडेकरांची आणि पुढे विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांची तयारीही त्याच जातीची होती, म्हणून दोन्ही बाजूंना एकमेकांचे ग्रंथ पाठ होते आणि एकमेकांची माणसं मात्र फारशी ठाऊक नव्हती.

१९१० साली एडिंबरोला जगभरच्या प्रॉटेस्टंट मिशनांची परिषद भरली. तिच्या आठ आयोगांपैकी चौथा आयोग अन्य धर्मांविषयी होता. परिषदेपूर्वी या आयोगाने ठिकठिकाणच्या मिशनऱ्यांना प्रश्न पाठवले. त्या लोकांच्या श्रद्धेत खरोखर जिवंत असं काय आहे, आणि तुमच्या संदेशातलं काय त्यांच्या हृदयाला भिडतं, अशा अर्थाचे हे प्रश्न होते. मला हा या कथेतला पहिला मोठा क्षण वाटतो. प्रश्न विचारणारी माणसं धर्मांतराचा हेतू सोडून बसली नव्हती, पण त्यांनी पहिल्यांदाच संस्थेच्या पातळीवर मान्य केलं की शेजाऱ्याच्या श्रद्धेत शोधण्याजोगं काही असू शकतं. मिशनरी होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना अन्य धर्मांचं पद्धतशीर शिक्षण द्यावं, हा आग्रहही याच परिषदेत धरला गेला. तीन वर्षांनी जे. एन. फार्कर यांचं ‘द क्राउन ऑफ हिंदुइझम’ आलं. हिंदू धर्मातल्या ओढीची पूर्ती ख्रिस्तात होते, असं त्यांचं प्रतिपादन होतं. खंडनापेक्षा ही भूमिका कितीतरी मायेची. तरीही तिच्यात एक धर्म प्रश्न विचारणारा आणि दुसरा उत्तर देणारा, ही वाटणी कायम राहिली.

महाराष्ट्रात त्याच सुमारास नारायण वामन टिळक हा विचार स्वतःच्या आयुष्यात जगत होते. आपण तुकारामाच्या मार्गाने ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली आणि १९१७ साली ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसता यावं, अशी त्यांची इच्छा होती. परदेशी मिशनऱ्यांनीही संतांकडे नव्या नजरेने पाहायला सुरुवात केली. निकोल मॅक्निकोल यांनी १९१९ साली मराठी संतांच्या अभंगांचं इंग्रजी पुस्तक काढलं. जस्टिन अ‍ॅबट यांनी तर उतारवयात मराठी संतचरित्रांच्या भाषांतराची अख्खी मालाच केली.

मग १९२७ साली व्हेरिअर एल्विन पुण्याला आले. ऑक्सफर्डच्या विक्लिफ हॉल या सेमिनरीत ते उपप्राचार्य होते. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली स्थापलेल्या ख्रिस्त सेवा संघात राहून भारतीय पद्धतीचं ख्रिस्ती जीवन जगायचं, हा त्यांचा मनसुबा. पुण्यात त्यांना शामराव हिवाळे भेटले, गांधीजी जवळचे झाले आणि १९३२ साली एल्विन आणि हिवाळे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. एल्विन यांनी तिथे कुणाला ख्रिस्ती केलं नाही. चर्चशी त्यांचं बिनसलं आणि शेवटी त्यांनी पाळकपद सोडलं. चर्चच्या दृष्टीने हा प्रवास फसला असं म्हणता येईल. मला मात्र या सगळ्या इतिहासात एल्विन महत्त्वाचे वाटतात ते एका कारणाने. ग्रंथ नसलेल्या माणसांचा धर्म शिकायला ते गेले. गोंड आणि बैगा यांच्याकडे वाद घालायला शास्त्री नव्हते की भाषांतर करायला पोथी नव्हती. त्यांच्याबरोबर राहावंच लागत होतं.

चर्चच्या विचाराचा मुख्य प्रवाह मात्र ग्रंथांच्याच वाटेने गेला. फ्रेंच बेनेडिक्टाइन साधू आंरी ल सो १९४८ साली भारतात आले. पुढच्या वर्षी ते ज्यूल मोंशानें यांच्यासह अरुणाचलाला रमण महर्षींच्या दर्शनाला गेले आणि १९५० साली दोघांनी कावेरीकाठी शांतिवनम आश्रम उभारला. ल सो पुढे अभिषिक्तानंद म्हणून ओळखले गेले. उपनिषदांच्या अनुभवाने त्यांना इतकं आतून हलवलं की ख्रिस्त आणि अद्वैत यांच्यातली ओढाताण त्यांना अखेरपर्यंत सोडवता आली नाही. ती ओढाताण त्यांनी लपवली नाही, याचा मला फार आदर वाटतो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र जाहीर केलं आणि अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते कॅथलिक चर्च नाकारत नाही, हे अधिकृत झालं. आठ वर्षांनी फ्रान्सिस क्लूनी नावाचा तरुण जेझुइट विद्यार्थी काठमांडूत हिंदू आणि बौद्ध मुलांना शिकवायला गेला. आपल्या विद्यार्थ्यांना समजून घेण्यासाठी त्याला त्यांचे धर्म वाचावे लागले, आणि त्यातून पुढे तौलनिक ईशज्ञानाचा एक मोठा अभ्यासक घडला. परधर्मीयांच्या सहवासातून माणूस असा घडावा, हीच आशा आजच्या अभ्यासदौऱ्यांमागे असते.

या आशेला सर्वांत कठीण प्रश्न विचारला तो अरविंद निर्मळ यांनी, १९८०च्या दशकाच्या आरंभी, बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात. भारतीय ख्रिस्ती विचार आजवर ब्राह्मणी परंपरेशीच बोलत आला. पण भारतातले बहुसंख्य ख्रिस्ती तर दलित आहेत, त्यांच्या दुःखाला या विचारात जागा कुठे, असं त्यांचं म्हणणं. दलित ईशज्ञान तिथून उभं राहिलं. वेदान्त आणि ख्रिस्ती गूढवाद यांचा संवाद कितीही उंच असला, तरी एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळाच्या काळात आणि त्यानंतर नगर जिल्ह्यात ज्या महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पणतवंडांना तो परका वाटला तर दोष त्यांचा नाही. ज्या व्यवस्थेतून त्यांचे पूर्वज बाहेर पडले, तिच्याच पोथ्यांपुढे पाहुण्यांना आदराने बसवलं जात होतं.

म्हणून मला वाटतं, या दौऱ्यांच्या उणिवेची जबाबदारी पाहुण्यांपेक्षा यजमानांची अधिक आहे. काय पाहायचं हे आपल्याच संस्था ठरवतात, आणि आपणच त्यांना घाट, आश्रम आणि विद्वानांची व्याख्यानं दाखवतो. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. तिथे ख्रिस्ती तर येतातच, पण नवस फेडायला आलेले हिंदूही दिसतात. गोव्यात म्हापशाची मिलाग्र सायबीण म्हणजे मारिया माता आणि शिरगावची लईराई देवी या सख्ख्या बहिणी, असं लोक मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येतात. हे नातं कुठल्या परिषदेच्या ठरावातून आलं नाही. जबरदस्तीने घडलेल्या धर्मांतरांचा आणि पाडलेल्या देवळांचा इतिहास मागे असतानाही लोकांनी ते टिकवलं. असा शेजार कसा जमतो, आणि कुठे जमत नाही, हे सेमिनरीच्या विद्यार्थ्याने इथे शिकायला हवं.

त्यासाठी दहा शहरांऐवजी एक तालुका पुरे. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या चर्चमध्ये रविवारची उपासना, तिथल्या पाळकाच्या घरी मुक्काम, बौद्ध झालेल्या शेजाऱ्याशी बोलणं, ख्रिस्ती आईला आणि तिच्या मराठा मैत्रिणीला एकाच यात्रेला का जावंसं वाटतं ते त्यांच्याच तोंडून ऐकणं. दुभाषा म्हणून पुण्याच्या सेमिनरीतला एखादा मराठी विद्यार्थी सोबत द्यावा. त्यालाही हे नव्याने ऐकायला मिळेल, कारण त्याच्या अभ्यासक्रमातही आदि शंकराचार्य हमखास असतात आणि हरेगाव क्वचित.