तीस सेकंदांची वाळू

रविवारी रात्री सगळे गेल्यावर फासे गोळा करताना वाळूचं घड्याळ हाताला लागलं. तीस सेकंदांचं. दोन महिन्यांपूर्वी मीच आणलेलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये लढाई सुरू झाली की आमचा खेळ रखडायचा, आणि डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मी. तेव्हा उपायही मीच काढला. ज्याची पाळी, त्याच्यापुढे घड्याळ उलटं करायचं. वाळू संपली, पाळी गेली.

माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत लढाईचा एक राऊंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. तेवढ्यासाठी आमची वीस-वीस मिनिटं जात. चार राऊंडची चकमक, म्हणजे गोष्टीत अर्धं मिनिटही नाही, आणि इकडे सव्वा तास उलटलेला, चहा गार, दोघं मोबाइलमध्ये. हे पटवताना मी मित्रांना इतिहासही ऐकवला: गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली आला तो पटावरच्या युद्धखेळांतून, पुढच्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीत राऊंड चक्क एका मिनिटाचा होता, वगैरे. बराच वेळ बोललो. तेव्हा घड्याळ माझ्या हातातच होतं, पण आडवं.

आमच्यात एक मुलगी नवीन आहे. तिचं पात्र जादूगाराचं. घड्याळ आणलं त्या पहिल्याच रविवारी ती मंत्रांची यादी चाळत राहिली, वीस बाजूंचा फासा मुठीत घट्ट. वाळू संपली. मी म्हणालो, "गेली पाळी." तिने फासा हळूच खाली ठेवला. तेव्हापासून पाळी आली की ती लगेच 'फायर बोल्ट' म्हणते आणि फासा टाकते. माझ्या हिशेबी हे यश होतं.

आज तिची कॅरेक्टर शीट टेबलावरच राहिली होती. उचलताना मागची बाजू दिसली. पेन्सिलीने लिहिलेलं: 'पुलाचे दोर जाळले तर?' आणि त्यावर काट.

तिची पाळी गेली त्या दिवशीच्या नकाशावर झुलता पूल मी मुद्दाम काढला होता. कुणाच्या तरी डोक्यात हे यावं म्हणून. आलं होतं.

मग खरा वेळ कोण खात होतं? सहा गॉब्लिनचे फासे एकेक करून मी टाकत होतो. एखाद्या नियमासाठी पुस्तक मी चाळत होतो. गुहेचं वर्णन तिसऱ्यांदा मी करत होतो. माझ्यापुढे घड्याळ कधीच उलटं झालं नाही. आणि घाई कसली होती? पुढच्या दालनातल्या खलनायकाचं भाषण मी आठवडाभर घोकलं होतं. तिथे पोचायचं होतं. इतरांचा विचार मला वाटेतला खोळंबा वाटत होता, आणि त्याला मी 'खेळाची गती' असं भारदस्त नाव दिलं होतं.

घड्याळ टाकून देणार नाही. ताटकळणाऱ्यांचा कंटाळाही खरा आहे. पण येत्या रविवारी ते पहिल्यांदा माझ्यापुढे ठेवणार. आणि शीट परत देताना तिला "चुकलं माझं" एवढंच म्हणायचं आहे. त्यानंतर कारणं न देता गप्प बसायचं आहे. तेच मला जड जाणार, हे आत्ताच कळतंय. कारण मनात ते भाषणही जुळायला लागलं आहे.