भाव कुठे ठरतो?

जागतिकीकरणाची गोष्ट आपल्याकडे बहुतेक जण १९९१ पासून सांगतात. त्या वर्षी देशाचे सुमारे ४७ टन सोने गहाण पडले, २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला आणि दारे उघडली. ही गोष्ट खोटी नाही, पण ती मधूनच सुरू होते. काहींना उलट पार पैठण आणि तेर आठवते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या दोन्ही गावांचा माल गाड्यांतून भडोचला जातो, अशी नोंद आहे. मग जागतिकीकरण दोन हजार वर्षांचे म्हणायचे का? मला ते पटत नाही. तेरचे कापड समुद्रापार पोचले, तरी तेरच्या विणकराच्या घरातली चूल रोमच्या बाजारावर अवलंबून नसावी. माल फिरत होता, भाव आपापल्या गावी होता.

केविन ओ’रुर्क आणि जेफ्री विल्यमसन या अभ्यासकांनी नेमकी हीच कसोटी लावली. दूरदूरच्या बाजारांत एकाच मालाचे भाव जवळ सरकू लागले, की जागतिकीकरण सुरू झाले. त्यांच्या हिशेबाने हे १८२० च्या दशकापासून दिसते. आपल्याकडे ते कसे पोचले, हे कापसाइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईकडे वळले. कापसाला कधी नव्हे असा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर कर्जे मिळू लागली, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. भाव कोसळला, आणि १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा भल्याभल्यांचे दिवाळे वाजले.

मुंबई त्यातून सावरली. खेड्यातला हिशेब मात्र दहा वर्षे लांबला. तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता, सरकारने फेरपाहणीत सारा वाढवला होता. मंदी आल्यावर सावकाराने हात आखडला, साऱ्याचा तगादा राहिला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः कागद हवे होते. कर्जरोखे आणि खातेवह्या हाती लागल्या की त्या जाळल्या. या दंग्याला कापूस कितपत कारण, यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि सगळे खापर कापसावर फोडणे मलाही जास्तच सोयीचे वाटते. तरी एक गोष्ट उरतेच. सुप्याच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला ली कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सावकार समोर होता, लिव्हरपूल नव्हते.

तोवर हे अंतर आणखी घटले होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत आगगाडी आली आणि मुंबईची तार समुद्राखालून जोडली गेली. १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बोलले, ते याच पार्श्वभूमीवर. इंग्रजी अर्थशास्त्राचे खुल्या व्यापाराचे नियम सर्व देशांना, सर्व काळी लागू नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. जर्मन विचारवंत फ्रीड्रिख लिस्टचा आधार त्यांनी घेतला. बाहेरच्या विचाराचा प्रतिवाद करायलाही बाहेरचाच विचार हाताशी आला, ही गंमत त्यांना खटकली नसावी.

मग दोन महायुद्धे आणि मधली महामंदी. देशोदेशी भिंती उभ्या राहिल्या. १९४७ च्या ‘गॅट’ कराराने त्या हळूहळू उतरवायला घेतल्या, पण शेतमाल बराचसा बाहेरच राहिला. महाराष्ट्राने तर १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी आणली. भाव मुंबईत, सरकारच्या हाती. शेतकरी नेते शरद जोशींनी बोट ठेवले ते यावर. शेतकऱ्याला लुटते ते आपले सरकारच, हा त्यांचा ‘उणे सबसिडी’चा मुद्दा. म्हणूनच देशातल्या अनेक शेतकरी संघटना ‘गॅट’च्या वाटाघाटींतल्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध रस्त्यावर असताना ते त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे निदान खरे होते. पण १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आल्यावर जो जागतिक भाव भेटला, तोही निर्मळ नव्हता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देत होती. ब्राझीलने तक्रार केली, २००५ मध्ये जिंकली आणि पुढे भरपाईही मिळवली. विदर्भाच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. कापड उद्योगाला आधार म्हणून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेर, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. यवतमाळात तेव्हा कपाशी पात्याफुलांवर होती, वेचणी दूर होती. उद्या भाव पडला तर शेतकऱ्याने जाब कुणाला विचारायचा? वॉशिंग्टन लांब, दिल्लीही लांब. शिव्या बहुधा ओलावा दाखवून दर पाडणारा व्यापारीच खाईल, आणि काही प्रमाणात तो त्याला पात्रही असेल.