ओढ्यावरचा पूल

थोरला लेक नेदरलँडला नोकरीला. 2018 साली त्यानं मला महिनाभर तिकडं नेलं. त्या देशाची पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली, पण बांध घालून ती राखलीय. तिथला माणूस सरासरी 80 च्या वर जगतो, आपल्याकडं सत्तरीच्या आसपास. म्हातारपणी सरकार सगळ्यांना पेन्शन देतं.

शेजारी नव्वदीची आजी एकटीच राहायची. एका रात्री ती पडली. दहा मिनिटांत दवाखान्याची गाडी दारात. पण हात धरायला घरचं कुणी नव्हतं. मनात म्हटलं, काय करायचंय असलं जगणं? आमच्या गावात माणसं तरी हायत.

अन् मग आई आठवली. श्रावणातल्या रात्री तिच्या छातीत कळ आली. अख्खी आळी धावून आली. चौघांनी बाजेवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातनं ओढा ओलांडला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. माणसं होती, पूल नव्हता.

एकटेपणाला प्रगती म्हणू नये, तसं गैरसोयीला समाधानही म्हणू नये. शेजार जपावा अन् पूलही मागावा. आता कुणी म्हणालं, "खरं सुख आपल्या खेड्यातच," तर मी एवढंच विचारतो, "ओढ्यावर पूल झाला का?"