चित्रकथी, कॅमेरा आणि दर्शनाचा प्रश्न

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केलेल्या चित्रकथी परंपरेच्या चित्रांचे स्टुडिओत चित्रीकरण करावयाचे झाल्यास, त्यांतील देवत्व पडद्यावर उतरते काय, हा प्रश्न टाळता येत नाही. मूर्तीत प्राणप्रतिष्ठेने, म्हणजे मंत्रपूर्वक चैतन्याच्या आवाहनाने, देवत्व येते अशी श्रद्धा आहे. चित्रकथीत मात्र, कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकेक करून पुढे धरत कथा गातात, तेव्हाच दर्शन घडते. म्हणून गाण्यावाचून टिपलेले चित्र, कितीही सुस्पष्ट असले तरी, अपुरेच मानावे लागते.

परंतु कागदाचीही एक मर्यादा आहे, आणि ती पाळणे ही सेवाच होय. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही व ही हानी साचत जाते. म्हणूनच अशा चित्रांच्या प्रदर्शनासाठी सुमारे 50 लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) इतकाच उजेड योग्य मानतात. चित्रीकरणात यापेक्षा अधिक उजेड लागलाच, तर तो थोडाच वेळ असावा. एरवी दोन्ही बाजूंनी 45 अंशांत ठेवलेले, फारशी उष्णता न फेकणारे एलईडी दिवे पुरतात, आणि त्यांतील एक खाली आणून तिरपा केला की कागदाची सुरकुती व कुंचल्याचा फटकारा उठून दिसतो.