रविवारची सुटी आणि आपले मौन



आज रविवार. मिस्सा आटोपली की आपण घरी जातो, निवांत जेवतो, दुपारी जरा पाठ टेकतो. ही सुटी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला तरी झगडून मिळवावी लागली, हे आपण विसरून गेलो आहोत.

मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुटी नसे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीत स्टोअरकीपर असताना हे हाल जवळून पाहिले. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या मोजक्या व स्पष्ट होत्या : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाल्यास भरपाई. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगाला दिला. सहा वर्षे नेट धरल्यावर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

आपणही कुठे ना कुठे काम करतो. कोणी द्राक्षबागेत, कोणी कांदा मार्केटला, कोणी शाळेत किंवा दवाखान्यात, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात. तिथे काही चुकत असेल तर आपण काय करतो? एक तर पारावर बसून साहेबाच्या नावाने बोटे मोडतो, नाही तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्प राहतो. या गप्प राहण्याला आपण सहनशीलता म्हणतो, कधी ‘आपला क्रूस’ही म्हणतो.

इथे थोडा विचार करू या. आपल्याला कोणी टाकून बोलले, तर त्याला क्षमा करणे आपल्या हातात आहे. पण मशीनचे गार्ड काढून ठेवले आहे, शेजारी काम करणाऱ्या पोराचा हात त्यात जाऊ शकतो, हे दिसत असूनही गप्प बसलो, तर तो क्रूस आपण वाहत नाही. त्या पोराच्या खांद्यावर ठेवतो. दुसऱ्याच्या वतीने सहनशील होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मग बोलावे कसे? मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, प्रभू येशूने पायऱ्या घालून दिल्या आहेत : आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. कामाच्या ठिकाणीही हेच शहाणपणाचे. मात्र जिथे भीती आहे तिथे कोणाला एकटे पाठवू नये. एखाद्या भगिनीला वरिष्ठाकडून लैंगिक त्रास होत असेल, तर ‘आधी त्याच्याशीच बोलून बघ’ हा सल्ला चुकीचा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून कमी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तिच्या सोबतीला जाणे हे आपले काम.

आता एक जड जाणारी गोष्ट. ती लिहिताना आम्ही स्वतःलाही वगळत नाही. आपल्यापैकी काहीजण स्वतः मालक आहेत. ऑक्टोबरची छाटणी झाली की बागांत फवारण्या सुरू होतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आपल्या बागेतला गडी ‘डोकं गरगरतंय’ म्हणाला, तर आपण फवारणी थांबवून त्याला दवाखान्यात नेतो, की ‘तेवढ्या दोन ओळी उरक’ म्हणतो? गडी सहसा बोलत नाही, कारण त्याची उद्याची मजुरी आपल्या हातात असते. म्हणून विचारायचे आपण. हातमोजे, मास्क, साबण-पाणी द्यायचे आपण.

या आठवड्यात एवढेच करू या. कामाच्या ठिकाणचे जे मनाला सलते ते कागदावर दोन ओळींत लिहू या आणि ज्याच्या हातात ते सुधारणे आहे त्याच्याशी बोलू या. ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी विचारावे, ‘तुला इथे काय त्रास होतो?’ आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.