चाहत्याचे ममत्व

रसिक, सहृदय, आस्वादक या संज्ञांची मराठी समीक्षेने पुष्कळ चिकित्सा केली. 'चाहता' मात्र तिने वृत्तपत्रांच्या पुरवण्यांकडे सोपवून दिला. वस्तुतः कलावंताच्या वा खेळाडूच्या वाट्याला येणारी शिवीगाळ, धमक्या आणि सामूहिक छळ अनेकदा चाहत्यांच्या समुदायातूनच उद्भवतो, आणि त्याचे स्पष्टीकरण 'प्रेमाचा अतिरेक' या दोन शब्दांत उरकले जाते. हे स्पष्टीकरण मला अपुरेच नव्हे, तर सोयीचेही वाटते. त्यात दोष प्रेमाला लागतो आणि प्रेम करणारा सुटतो.

डिसेंबर 2023 मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माकडील कर्णधारपद हार्दिक पंड्याकडे दिले. निर्णय संघव्यवस्थापनाचा, शिक्षा पंड्याला. समाजमाध्यमांवर त्याच्यावर अपशब्दांचा भडिमार झाला. 1 एप्रिल 2024 रोजी वानखेडेवर, म्हणजे स्वतःच्याच संघाच्या मैदानावर, नाणेफेकीच्या वेळी त्याची अशी हुर्यो उडवली गेली की संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. 29 जूनला ब्रिजटाऊन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक पंड्यानेच टाकले, भारत जिंकला, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. मधल्या काळात क्षमा कोणी मागायची होती? अपराध सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही. भ्रमणध्वनीवर एक ओळ लिहिणाऱ्याच्या लेखी ती एकच ओळ असते. ज्याच्यापर्यंत ती पोचते त्याच्या लेखी ती हजारांतील एक असते. नैतिक हिशेबाची ही दोन मापे जुळत नाहीत, आणि समुदायाचे बळ नेमके या न जुळण्यात असते.

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त सात रसविघ्ने सांगितली आहेत. भाव 'माझा' किंवा 'परक्याचा' अशाच मर्यादेत अनुभवणे हे त्यांतील एक. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. ही विघ्ने दूर झाल्यावाचून साधारणीकरण संभवत नाही. वानखेडेवरचा तो चाहता खेळ पाहत नव्हता, 'आपल्या' रोहितचा मानापमान पाहत होता. या दृष्टीने छळ हा रसिकत्वाचा अतिरेक नसून त्याचा अभाव ठरतो.

युक्तिवाद येथेच थांबवता आला असता तर बरे झाले असते. परंतु भक्तिरसाची परंपरा त्याच्या आड येते. रूपगोस्वामींनी प्रेमाच्या लक्षणातच ममत्वाचा अतिशय अंतर्भूत केला आहे. 'माझा' म्हटल्याशिवाय तेथे प्रेमाची सुरुवातच होत नाही. चाहत्याचे नाते रसिकापेक्षा भक्ताशी अधिक जवळचे आहे, हे मान्य करायचे तर ममत्वाला विघ्न म्हणून बाजूला सारता येणार नाही.

ज्यांचे जन्मस्थान म्हणून हिंगोली जिल्ह्यातील नरसी ओळखली जाते, त्या नामदेवांचे उदाहरण येथे कामी येते. नामदेवांइतके ममत्व क्वचितच कोणी दाखवले असेल. ते विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्याला दूषणे देतात. मात्र या ममत्वाचा सारा रोख विठ्ठलाकडे आहे, शेजारच्या भक्ताकडे नाही. मंगळवेढ्यास गावकुसाखाली चिरडून मरण पावलेल्या चोखामेळ्याच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरी आणून महाद्वारी समाधी दिली, असे परंपरा सांगते. औंढा नागनाथाची कथाही अशीच आहे. कीर्तनाचा अडथळा होतो म्हणून पुजाऱ्यांनी नामदेवांना देवळामागे धाडले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. पुजारीही भक्तच होते, हे आपण विसरतो. त्यांचेही 'माझा' होते. पण ते देवाशी बोलण्याऐवजी दुसऱ्या भक्ताला उठवण्यात खर्ची पडले. आमच्या भागात ही कथा मुलेसुद्धा जाणतात, आणि ऐकणारा प्रत्येक जण आपसूक नामदेवांच्या बाजूस जाऊन बसतो. समोरच्या बाजूस कोणी बसल्याचे मी तरी पाहिलेले नाही!

म्हणून प्रश्न ममत्व किती, हा नसून ते कोणाकडे वळते, हा आहे. हा भेद आपल्या वाङ्मयीन व्यवहारातही लावून पाहावा. आनंद यादव यांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी 2008 मध्ये आली, आणि 2009 च्या महाबळेश्वर येथील साहित्यसंमेलनाचे ते नियोजित अध्यक्ष होते. तुकोबांच्या तारुण्याच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. आक्षेप घेण्याचा त्यांचा अधिकार मी निर्विवाद मानतो. ज्याचे तुकोबांशी पिढ्यान्पिढ्यांचे नाते आहे, त्याला दुखावले जाण्याचा आणि तसे बोलण्याचा अधिकार समीक्षकाइतकाच आहे. आपल्या विद्यापीठीय वर्तुळाने तो पुरेशा गांभीर्याने ऐकला असे म्हणवत नाही. परंतु दबाव वाढत गेला, यादवांनी क्षमा मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी विरोध शमला नाही. त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना झाले. कादंबरी मागे घेतल्यानंतर जो रोष उरला, तो तुकोबांच्या रक्षणासाठी होता असे म्हणणे कठीण आहे, कारण रक्षण करण्याजोगे समोर काही उरलेच नव्हते. समोर उरला होता तो एक वृद्ध लेखक. चरित्रात्मक कादंबरीने संताच्या आयुष्यातील मोकळ्या जागा कोणत्या आधारावर भराव्यात, हा त्या पुस्तकाने उभा केलेला खरा वाङ्मयीन प्रश्न तेव्हा मागे पडला, आणि 2016 मध्ये यादव गेले.