सांधा

दिवाळीला घर झाडूनपुसून, रंगवून नवे करावे ही आपली जुनी रीत. पण घर नवे करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न गेल्या दिवाळीपर्यंत मला कधी पडला नव्हता. तो पडला, तोही काही तत्त्वचिंतनातून नव्हे. न्हाणीघरापायी पडला.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी. आणि पडवीच्या पायऱ्या उतरून दहा-बारा पावले गेले की न्हाणीघर. कोकणात अशी घरे गावोगाव आहेत. आमची आई आता ८२ वर्षांची आहे. त्या वर्षीच्या श्रावणात त्या दहा-बारा पावलांतच शेवाळावरून तिचा पाय घसरला. हाड मोडले नाही, पण धीर मोडला. दिवाळीला आम्ही तिघे भावंडे जमलो, तेव्हा फराळापेक्षा वादच अधिक झाला.

धाकट्याचे म्हणणे सरळ होते. मागची बाजू पाडावी, परसातला फणस तोडावा, स्लॅब घालावा आणि आईची सारी सोय एका छपराखाली करावी. "घर माणसांसाठी असतं, दादा. माणसं घरासाठी नसतात." आक्काला हे मुळीच पटले नाही. "पणजोबांनी बांधलेल्या घराचा एक चिराही हलवायचा नाही. हवं तर आईला मी माझ्याकडे नेते," ती म्हणाली. आई काहीच बोलली नाही. ती वाती वळीत बसली होती.

भाऊबीज झाल्यावर आम्ही गावातल्या एका वृद्ध गवंड्याला बोलावले. त्याने प्रथम मापे घेतली नाहीत. त्याने विचारले, "पावसाची झड कुठून येते?" मग तो घराभोवती हिंडला, भिंतीवरचे ओलीचे डाग पाहिले, फणसाची सावली दुपारी कुठवर येते ते पाहिले. शेवटी पडवीच्या तोंडाशी येऊन त्याने भिंतीवरचा चुन्याचा पापुद्रा नखाने काढला आणि मला हाक मारली. "इथं बघा, भाऊ. हे घर दोनदा बांधलंय."

खरेच, भिंतीत वरपासून खालपर्यंत एक उभा सांधा होता. अलीकडचे चिरे मोठे, पलीकडचे लहान. दगडात दगड गुंतवलेला नव्हता. म्हणजे पणजोबांचे घर माजघरापाशीच संपत होते. पडवी आणि स्वयंपाकघर मागाहून कोणीतरी जोडले होते. मग आईलाही आठवले, की तिच्या सासूबाई सांगत, पूर्वी हे घर गवताने शाकारलेले होते. जी मंगळुरी कौले आम्ही परंपरा म्हणून जपत होतो, तीही एके काळची नवलाईच होती! बाझेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. ती कौले प्रथम आमच्या गावात आली, तेव्हा कोण्या म्हाताऱ्याने गवताच्या छपरासाठी उसासा टाकलाच असेल.

आक्का गप्प झाली, आणि धाकट्याला जिंकल्यासारखे वाटले. पण मला वाटते, तो सांधा दोघांच्याही विरुद्ध साक्ष देत होता. वरवर दोघांची मते उलटी दिसत. आत समजूत एकच होती. घर ही एक पुरी होऊन गेलेली वस्तू आहे, असे दोघेही धरून चालले होते. एकाला ती पुजायची होती, दुसऱ्याला मोडायची होती. वस्तुतः घर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले संभाषण आहे. मागच्यांनी काही म्हटले आहे; आता आपली पाळी आहे. अशा वेळी मुके राहणे हा आदर नव्हे, आणि पहिल्याचे न ऐकताच ओरडून बोलणे हे स्वातंत्र्य नव्हे.

मग मागच्यांचे ऐकायचे म्हणजे काय ऐकायचे? त्यांच्या भिंती नव्हेत. भिंती घालण्यापूर्वी त्यांनी जे पाहिले ते. पाऊस कुठून येतो, ऊन कुठे टोचते, पाणी कुठे मुरते, जवळ काय मिळते. तिरुवनंतपुरमला २००७ साली निवर्तलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर सांगत, की घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्याने बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला. ऐकायला ही काटकसर वाटते, पण आज तिच्यात नीतीही दिसते. जगात माणसांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायॉक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येतो. आमच्या स्लॅबची किंमत आम्हीच तेवढी मोजणार नव्हतो. ज्यांना आमचे नावही ठाऊक नसेल असे लोकही मोजणार होते.

तथापि जवळचे ते सारे निर्दोष, असेही म्हणता येत नाही. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. त्याहून सोयीचा दगड कोणता? पण त्या सोयीपायी कोकणातले सडे चिरेखाणींनी पोखरले गेले आहेत. गवंड्यानेच तोड काढली. आमचा पडका गोठा होता. त्याचे चिरे उचलायचे. फणसाला हात लावायचा नाही. झड येते त्या पश्चिमेला बांधायचे नाही. पडवीच्या उत्तर टोकाला, त्याच छपराचा उतार पुढे नेऊन न्हाणीघर काढायचे. पाणी पूर्वीसारखे केळींना जाईल. थोडे सिमेंट लागले, तेवढे लागले.

सारे ठरल्यावर आईने प्रथमच तोंड उघडले. "न्हाणीघराबरोबर माजघराला एक खिडकी पाडा. साठ वर्षं मी तिथं दिवसाढवळ्या चिमणी लावून तांदूळ निवडले."

आम्ही तिघेही खाली पाहू लागलो. हे घर उन्हाळ्यात किती थंड असते, याचे कौतुक मी किती जणांना सांगितले होते! ते कौतुक ओटीवर बसणाऱ्याचे होते. जुन्या घराच्या शहाणपणात कोणाचा तरी अंधारही चिणलेला असतो. आणि तो ज्यांनी सोसला, त्यांच्याकडे घराच्या पावित्र्याची मागणी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. वारसा जपायचा तो निवडून जपावा लागतो, आईच्या तांदळांसारखा.

काम उन्हाळ्यात झाले. नव्या भिंतीचा सांधा गिलाव्याने झाकून टाकू, असे मी सुचवले, तर गवंडी म्हणाला, "दिसू दे की. पुढं कुणाला हे काढायचं झालं, तर कुठून काढायचं ते त्याला कळायला नको?" १९६४ साली व्हेनिसमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी जुन्या वास्तूंसाठी सनद तयार केली, तिच्यातही असेच आहे, की अपरिहार्य म्हणून घातलेली नवी भर वेगळी ओळखू यावी, तिच्यावर तिच्या काळाची मोहोर असावी. गवंड्याने ती सनद वाचलेली नाही. पण आपण शेवटचे नाही, आपल्यामागूनही कोणी येणार आहे आणि त्याचे मत आपल्याहून वेगळे असू शकेल, एवढी नम्रता त्याच्या हातात होती. बांधणाऱ्याचा याहून मोठा धर्म मला तरी ठाऊक नाही.

यंदा पणत्या लावताना आईने एक पणती नव्या खिडकीत ठेवली, आणि दुसरी त्या सांध्यापाशी. तिथे का, म्हणून मी विचारले. ती म्हणाली, "तिथं उंबरा नाही, पण उंबऱ्यासारखंच आहे ना रे ते?"